वळणावरची चावी

माझ्या भावाला बाजारातून सरळ चालता यायचं नाही. रुळाखाली जी आडवी सिलपाटं असतात ना, एकावरून दुसऱ्यावर पडेल एवढंच त्याचं पाऊल. ना कमी, ना जास्त. आणि मान खाली, डावीकडे झुकलेली. भाजीवाल्या त्याला बघून हसायच्या. मी म्हणायची, भाऊ, नोकरी सुटली आता, मान वर कर, लोकांना वाटतं तुझी अधेली हरवली. तो म्हणायचा, खाली बघून चालणाऱ्याला ठेच लागत नाही. घ्या! असल्या माणसापुढं काय डोकं फोडायचं.

कौतिक त्याचं नाव. चाळीसगाव-धुळे लायनीवर तो चावीवाला होता. रूळ सिलपाटावर बसतो तो लोखंडी खोबणीत, आणि खोबणीत घट्ट राहतो तो एका पाचरीनं. त्या पाचरीला रेल्वेतली माणसं चावी म्हणतात. गाड्या जाऊन जाऊन चाव्या ढिल्या पडतात. रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून आपल्या हद्दीतली एकेक चावी बघत जायचं, ढिली दिसली की ठोकायची, आणि तसंच परत यायचं. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो. काळ्याचे पांढरे होईपर्यंत त्यानं एवढंच केलं. त्याच्या हद्दीत गाडी कधी रुळावरून उतरली नाही. पण न उतरलेल्या गाडीबद्दल कुणी कुणाला शाबासकी देतं का?

मी त्याची धाकटी बहीण, कुंदा. कपाळ लवकर पांढरं झालं, तेव्हा यानंच मला घरी आणलं. त्याची बायको रुपावहिनी मानमोडीच्या साथीत गेली. मूलबाळ नाही. पुन्हा लग्न कर म्हणून मी त्याचं डोकं खाल्लं, पण तो ढिम्म. रुपावहिनीनं माहेरच्या बाभळीचा एक दांडा आणून दिला होता, तो त्याच्या हातोड्याला होता. तेवढाच काय तो त्याचा संसार.

दसऱ्याला त्याची गँग हत्यारं पुजायची. आमच्याकडं पूजलेलं हत्यार परक्याच्या हाती देत नाहीत. नांगराचा फाळ झिजून नखाएवढा झाला तरी तो घरातच राहतो. आता नोकरी सुटताना हातोडा जमा करायचा, हा तर रेल्वेचा कायदा. मग माझ्या शहाण्या भावानं काय करावं? लोहाराकडून नवाकोरा हातोडा आणून जमा केला, आणि रेल्वेचा छाप असलेला जुना घरी आणून देव्हाऱ्याखाली ठेवला. मी म्हटलं, भाऊ, ही चोरी झाली. म्हणतो, चोरी कशी, एक दिला, एक घेतला. मी म्हटलं, हे साहेबाला सांग, तो तुला हार घालील.

बेचाळीसचं साल लागलं. आमच्या जुन्या धुळ्यातल्या गल्लीच्या गणपतीला दरवर्षी आरास असायची. त्याचा पुढारी धनसिंग पहिलवान. त्यानं मुंबईहून किल्लीवर चालणारं खेळण्यातलं इंजिन आणलं, दोन डबे आणले, पण त्याबरोबरचे पत्र्याचे रूळ गंजून गेलेले. तो भाऊकडं आला. गणपतीभोवती आगगाडी फिरली पाहिजे, म्हणाला. भाऊचे डोळे असे लकाकले की मला त्याची दया आली. नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदा कुणाला तरी त्याची गरज पडली होती.

मग माझं घर गेलं. ओटीवर मोठा फळा पडला. जिनिंगमधून गासड्यांना बांधायच्या लोखंडी पट्ट्या आल्या. बाभळीचे तुकडे कापून सिलपाटं झाली, त्यांना करवतीच्या खाचा पाडल्या, खाचेत पट्टी उभी केली आणि बाजूनं बांबूची बारीक पाचर ठोकली. नखाएवढी एकेक पाचर, आणि प्रत्येक सिलपाटाला दोन. धनसिंग म्हणाला, आबा, खिळे-चुका मारून मोकळे व्हा की. भाऊ त्याच्यावर असा उखडला! चूक ढिली झाली की गेली, म्हणाला, चावी पुन्हा ठोकता येते. आणि त्या चाव्याही सगळ्या एका बाजूनं नाहीत. आपली लाईन एकेरी, गाडी जाते त्याच रुळावरून परत येते. सगळ्या चाव्या एका बाजूनं मारल्या तर येणारी गाडी त्या ढिल्या करील. म्हणून एक इकडून, एक तिकडून.

खरी लाईन काही गोल नाही. पण बाकी सगळं त्यानं जसंच्या तसं केलं. धुळे स्टेशन, मोहाडी, आणि मोहाडीच्या पुढं नाल्यावरच्या पुलाआधीचं वळण. नोकरीत असताना त्या वळणाचा त्याला घोर असायचा. जेवताना मध्येच घास थांबला की मी समजायची, भाऊ वळणावर गेला.

श्रावण लागता लागता मुंबईला पुढारी धरले आणि सगळीकडं वणवा पेटला. इकडं तारा तुटल्या, तिकडं रूळ उखडले, अशा बातम्या रोज यायच्या. त्याच दिवसांत पितांबर आमच्याकडं येऊन बसायला लागला. दोन घरं सोडून राहणाऱ्या बेबाबाईचा मुलगा. गिरणीत मागावर होता, लग्नाच्या वयाचा, गुणी. मला अक्का म्हणायचा, भाऊला आबा. संध्याकाळी यायचा, फळ्याजवळ बसायचा आणि विचारायचा. चावी कशी निघते? आधी कोणती काढली तर रूळ हलतो? भाऊला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. तो बोलतच सुटला. वळणावर सगळा भार बाहेरच्या रुळावर येतो, त्या रुळाच्या चाव्या ओळीनं गेल्या तर रूळ कलंडतो आणि इंजिन थेट नाल्यात, हेही त्यानं बोट ठेवून दाखवलं.

एके संध्याकाळी पितांबरनं देव्हाऱ्याखालचा हातोडा मागितला. भाऊनं विचारलं, "काय ठोकनं शे तुले?"

"ठोकनं नई, आबा. काढनं शे," पितांबर म्हणाला.

भाऊचा चेहरा राखेसारखा झाला. मग बराच वेळ पितांबर बोलत होता. लढाईचा माल जातो, तो अडवायचा, मालगाडीच पाडायची, माणसाला धक्का नाही, देश आपला आहे. पोरगा मनापासून बोलत होता, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि आजही मी नाही म्हणणार नाही. भाऊनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "चावीले काय कळस, वर माल शे का माणूस शे?"

पितांबर उठून गेला. गल्लीत कुजबुज झाली की कौतिक सरकारच्या मिठाला जागतोय. नळावर बायका माझ्याशी बोलेनात. मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही, दोघीतिघींना तिथंच सुनावलं, पण घरी आल्यावर पाणी गोड लागेना. भाऊनं पितांबरचं नाव कुठंही काढलं नाही. तरणं रक्त आहे, निवेल, म्हणाला.

आठवडा गेला असेल. श्रावणी सोमवारचं भजन होतं, भाऊ मारुतीच्या देवळात गेलेला. मी चुलीपुढं. पितांबर आला. अक्का, रेल्वे बघून जातो, म्हणाला. मला बरं वाटलं, म्हटलं चला, पोराचा रुसवा गेला. तो ओटीवर बसला होता तेवढ्या वेळात माझ्या भाकरी झाल्या. मग तो उठून गेला.

भाऊ गिरणीच्या भोंग्याआधी उठायचा. चिमणी लावायचा आणि त्या फळ्यावरच्या रुळावरून बोट फिरवत एकेक पाचर बघायचा. नोकरी सुटली, पण सवय कुठं सुटते. त्या पहाटे त्याचं बोट वळणावर थांबलं. मी उठून बघितलं. वळणावरच्या बाहेरच्या रुळाच्या सगळ्या पाचरी निघालेल्या. ओळीनं. त्यानं सांगितलं होतं त्याच ओळीनं. बाजूला नीट मांडून ठेवलेल्या, आणि पट्टी नाल्याकडं कललेली.

त्यानं विचारलं, काल कोण आलं होतं? मी म्हटलं, पितांबर. बस्स. त्यानं देव्हाऱ्याखालचा हातोडा उचलला आणि अनवाणी बाहेर पडला. मला एका क्षणात सगळं कळलं. पोरानं आधी इथं हात बसवून घेतला होता.

रुळावर दिसेल त्याला धरतात, गोळीसुद्धा घालतात, असं तेव्हा सगळे म्हणायचे. मी दार तसंच उघडं टाकून त्याच्या मागं धावले. फटफटत होतं. मोहाडी मागं पडली, मी हाका मारत होते, शिव्याही देत होते, पण तो वळून बघेना. सिलपाटावरून त्याची पावलं अशी पडत होती की जवान माणूस मागं पडावा.

वळणावर तो थांबला. बाहेरच्या रुळाच्या चाव्या नव्हत्या. खोबण्या उघड्या पडलेल्या. चाळीसगावहून पहाटेची पहिली गाडी माणसांची असते, हे धुळ्यातलं पोरसुद्धा सांगेल. भाऊ म्हणाला, कुंदे, गवतात बघ. मी गुडघ्यांवर बसून दवानं भिजलेलं गवत चाचपायला लागले. एक चावी सापडली, दुसरी सापडली. मी द्यायची, तो ठोकायचा. एक इकडून, एक तिकडून. एवढ्या घाईतही त्यानं ते सोडलं नाही. चावी बसली की आवाज वेगळा यायचा, मग तो पुढच्या सिलपाटावर सरकायचा. माझ्या बोटांत काटे गेले, त्याच्या छातीचा भाता झाला. एकदा वाटलं, रूळ थरथरतोय. त्यानं रुळावर हात ठेवला आणि म्हणाला, आली.

एक खोबण राहिली. दोन रूळ जिथं भेटतात नेमकी तिथली. त्या खोबणीची चावी कुठंच नव्हती. मी नाल्याच्या काठापर्यंत हात फिरवून आले. बाभळीवरून धूर दिसायला लागला होता. मी म्हटलं, भाऊ, एकानं काय होतं, चल, बाजूला हो. त्यानं हातोडा उलटा धरला आणि दांडा रुळावर आपटला. एकदा, दोनदा. रुपावहिनीचा दांडा तो. तिसऱ्यांदा तो मोडला. त्याचा फाळका त्यानं खोबणीत घुसवला आणि हातोड्याचं नुसतं डोकं मुठीत धरून त्यावर ठोके घालायला लागला. बोटं फुटली. गाडीची शिट्टी झाली, परत झाली. मी त्याच्या धोतराला धरून ओढलं तेव्हा आम्ही दोघं खडीवरून गवतात घरंगळलो.

गाडी वळणावरून गेली. हळू गेली, पण गेली. खिडक्या माणसांनी भरलेल्या. पोर घेऊन बसलेल्या एका बाईनं खाऊन झालेलं मक्याचं कणीस बाहेर टाकलं, ते माझ्या पायाशी पडलं. त्या बाईला काय माहीत! भाऊ उठून पुन्हा त्या बाभळीच्या पाचरीला हात लावून बघत होता. तेवढ्यात मागून रेल्वेची ट्रॉली आली. वर फौजदार आणि बंदूकवाले शिपाई.

आता तुम्हीच सांगा, त्यांनी काय बघितलं? चाव्या ठोकल्याचे ताजे घाव, फुटलेल्या हातांचा जुना चावीवाला आणि त्याच्या मुठीत रेल्वेचा छाप असलेलं लोखंड. फौजदार म्हणाला, काढणारा तूच आणि गाडी बघून घाबरून बसवणाराही तूच. मी मध्ये पडून खूप आरडाओरडा केला, पण बहिणीच्या साक्षीला कोण धूप घालतं. मग ते घरी आले झडतीला. ओटीवर तो फळा. त्यावर तेच वळण, आणि वळणावरच्या चाव्या काढून ओळीनं मांडलेल्या. फौजदार खाली वाकून बघतच राहिला. त्याला वाटलं, साराच कट हाती लागला.

"तू काढल्या नाहीस, तर मग कोणी काढल्या?" त्यानं विचारलं.

"मी देखं नई," भाऊ म्हणाला.

हे खोटं नव्हतं. त्यानं खरंच बघितलं नव्हतं. पुन्हा पुन्हा विचारलं, पुन्हा पुन्हा तेच. नाव सांगितलं असतं तर तिथंच सुटला असता. पितांबर समोरच्या घोळक्यात उभा होता. भाऊनं त्याच्याकडं एकदाही बघितलं नाही. त्याला घेऊन गेले तेव्हा सिलपाटाच्या पावलांनीच चालत गेला, शिपाई घाई करत होते तरी.

मी रोज डबा घेऊन ठाण्यावर जायची, शिपायाच्या हाती द्यायची आणि परत यायची. सात वर्षं होतील, कुणी म्हणायचं. कुणी म्हणायचं काळं पाणी. त्याच्या पाठीवर आत काय झालं ते त्यानं मला कधी दाखवलं नाही, पण सुटल्यावर महिनाभर तो पालथा झोपत होता. पितांबरचं नाव माझ्या जिभेवर यायचं आणि मी ते गिळायची. जे माझ्या भावानं मार खाऊन सांगितलं नाही, ते मी कशी सांगू? पण राग म्हणाल तर असा की भाकरी थापताना परातीवर हात आपटायचे.

पोळा झाला. गणपती तोंडावर आला. एका दुपारी पितांबर दारात येऊन उभा राहिला. डोळे खोल गेलेले. मी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो ओटीवर फळ्याशी बसला. माझ्या खलातला बत्ता घेतला आणि वळणावरच्या पाचरी एकेक उचलून परत ठोकायला लागला. एक इकडून, एक तिकडून.  शेवटी एक खाच उरली. तिची पाचर झडतीत कुणाच्या तरी पायाखाली गेली असावी. तो फळ्याखाली, कोपऱ्यात शोधत राहिला. माझ्याच्यानं आता बघवेना.

"इथल्या चाव्या ठोकून माझा भाऊ सुटत नाही," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली नाही. "अक्का, मालगाडी येस अशी सांगं व्हतं माले."

मी त्याला त्या कणसाचं सांगितलं. खिडकीतल्या बाईचं सांगितलं. तिच्या मांडीवर पोर होतं, तेही सांगितलं. आणि त्या खोबणीत भाऊनं काय ठोकलं, तेही. पितांबरनं बत्ता हळूच खाली ठेवला आणि निघाला. मला वाटलं घरी जाईल. त्याच्या दारात बेबाबाई उभी होती, तिनं हाक मारली. तो थांबला नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यानं डोळे पुसले आणि पोलीस ठाण्याच्या रस्त्याला लागला.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी भाऊ सुटला. हातोड्याचं डोकं त्यांनी ठेवून घेतलं, माणूस परत दिला. मी ओवाळायला ताट घेतलं तर मलाच विचारतो, "तूच धाडं का त्याले?" मी म्हटलं, तो आपल्या पायांनी गेला. भाऊ ओटीवर बसला आणि रडला. रुपावहिनी गेली तेव्हा असा रडला नव्हता.

त्या वर्षी आमच्या गणपतीपुढं आगगाडी फिरली, पण वळणापर्यंतच. तिथं गाडी थांबवायची, उलटी फिरवायची आणि परत आणायची. पोरं चिडली. धनसिंगनं हात जोडले, आबा, बांबूची एक काडी तर तासायची आहे. भाऊ म्हणाला, ती जागा पितांबरची शे. पुढची दोन वर्षंही तेच. गल्लीनं एव्हाना सगळं जाणलं होतं, आणि नळावर मला आता आधी पाणी भरू द्यायचे. पितांबर तुरुंगात, म्हणून सगळे त्याला देशभक्त म्हणायचे. भाऊही म्हणायचा. मी तोंड मिटून ऐकायची, आणि मला ते किती जड जातं हे तुम्हाला आता कळलंच असेल.

मध्यंतरी भाऊच्या जागेवर आलेला पुना नावाचा चावीवाला एकदा घरी येऊन गेला. वळणावर आता लोखंडी चावी बसवली, म्हणाला, आणि उपरण्यात गुंडाळलेला तो बाभळीचा फाळका भाऊच्या हाती दिला. दसऱ्याला हातोड्याच्या जागी भाऊनं तो पुजला. झेंडू वाहिला, कुंकू लावलं. मी म्हटलं, भाऊ, ह्यावर तर रेल्वेचा छाप नाही ना? तेवढ्यावर तो हसला.

पितांबर सुटून आला तो चैत्रात. गल्ली त्याला हार घालायला जमली होती. त्यानं हार काढून आईच्या हाती दिला आणि सरळ आमच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. केस अर्धे गेलेले. आत यायचं धाडस होईना. भाऊनं माळ्यावरचा फळा खाली काढला, त्यावरची धूळ पुसली. मग देव्हाऱ्याखालून बाभळीचा फाळका आणि विळा आणून पितांबरच्या पुढ्यात ठेवला. पितांबरनं त्या फाळक्यातून नखाएवढी पाचर तासली. मी बत्ता दिला. त्यानं ती खाचेत धरली, आणि थांबला.

"कोन्या बाजूतीन, आबा?" त्यानं विचारलं.

भाऊनं बोटानं बाजू दाखवली. पितांबरनं ठोका घातला. भाऊनं नखानं पाचर वाजवून बघितली, कान देऊन ऐकली. "आते बसनी," म्हणाला.

इंजिनाला किल्ली दिली. धुळ्याहून सुटलं, मोहाडी गेली, वळणावर कललं, पुलावरून गेलं आणि पुन्हा धुळ्याला आलं.  मग मी पानं मांडली. दोघं शेजारी शेजारी जेवायला बसले, आणि त्यांना वाढता वाढता मी अडीच वर्षं गिळलेल्या सगळ्या शिव्या पोटभर घातल्या. दोघांनीही मान खाली घालून मुकाट ऐकून घेतल्या.